हिरडी माशी आणि मामांची खोली

सोबतच्या पहिल्या पानावर ज्याचे पूर्ण नाव, वय आणि पत्ता टाइप केला आहे, तो मी, धंदा कवळ्या बनवणे, गल्लीत ‘कवळीवाले’ या नावाने ओळखला जाणारा, आज डोके ठिकाणावर असताना आणि कोणी कानाशी लागलेले नसताना माझी शेवटची इच्छा लिहून ठेवतो. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. ‘अजिबात दुखणार नाही’ असे रोज सांगणाऱ्या दंतवैद्यांच्या शेजारच्या खोलीत माझा जन्म गेला. म्हणून हे कागद करतो आहे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असे कोणी म्हणाल्यास तो खोटे बोलतो आहे असे समजावे, आणि बहुधा तो कोण असेल हे कलम सहामध्ये सापडेल.

कलम १. माझी मिळकत मोजकी आहे. एक राहते घर : पुढची खोली, मध्ये स्वयंपाकघर, मागची खोली आणि मागे कपडे वाळत घालण्यापुरती जागा. कवळ्यांच्या कामाची यंत्रे व साचे, जे भाड्याच्या गाळ्यात आहेत. बँकेतली एक ठेव. आणि गळाच्या माशा बांधण्याचे सामान. हे सर्व स्वकष्टार्जित आहे. वडिलोपार्जित म्हणावा असा फक्त माझा स्वभाव आहे, आणि त्यात आजवर कोणी वाटा मागितलेला नाही.

कलम २. राहते घर माझा मुलगा व मुलगी यांना निम्मे-निम्मे द्यावे. दोघांत डावे-उजवे नाही. मात्र हे देणे कलम तीनला बांधलेले आहे. ते कलम मान्य नसेल त्याने आपला निम्मा भाग दुसऱ्याला सोडला असे समजावे. वकीलबाईंनी हे वाक्य मला तीनदा वाचून दाखवले आणि विचारले, “नक्की ना?” मी तिन्ही वेळा हो म्हणालो.

कलम ३. माझे सासरे, ज्यांना यापुढे मी ‘मामा’ असे लिहीन, वय एक्क्याण्णव, पूर्वी गोदीत दोर सांधण्याच्या कामावर, सध्या काचबिंदूमुळे दोन्ही डोळ्यांनी अंध, यांना या घराच्या मागच्या खोलीत हयातभर राहण्याचा हक्क आहे. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि पुढचा दरवाजा त्यांना हवा तेव्हा वापरता येईल. ते जिवंत असेपर्यंत हे घर विकू नये, गहाण टाकू नये, भाड्याने देऊ नये, आणि रंगवायच्या निमित्ताने रिकामे करू नये. शेवटचे पाच शब्द माझ्या आग्रहाने घातले आहेत. ते का, हे पुढे येते.

कलम ४. वकीलबाई म्हणाल्या की मुलांनी आईबापांना घरात हक्क ठेवलेला त्यांनी पाहिला आहे, जावयाने सासऱ्याला ठेवलेला पाहिलेला नाही. उद्या कोर्टात कोणी विचारले, तर कारण लिहिलेले बरे. म्हणून लिहितो.

जावई म्हणजे दहावा ग्रह, असे लोक म्हणतात. आमच्याकडे ग्रह सासऱ्यांच्या बाजूला होता. त्यांच्या मुलीने माझ्याशी लग्न ठरवले, तेव्हा ते म्हणाले होते, “दुसऱ्यांचे दात करून पोट भरणारा माणूस.” लग्नाला आले, आहेर दिला, जेवले नाहीत. पुढे मला ते नेहमी ‘जावईबापू’ आणि ‘तुम्ही’ म्हणत, इतक्या अदबीने की ऐकणाऱ्याला कळावे, या माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवले आहे. माझी पत्नी गेली त्या आजारपणात आम्ही दोघे दवाखान्यातल्या एकाच बाकाच्या दोन टोकांना बसत होतो. मध्ये तिची शाल असे. ती गेल्यावर बाकावरून उठताना ते म्हणाले, “जावईबापू, तुम्ही फार केलंत.” मला ते आभार वाटले नाहीत, हिशेब मिटवल्यासारखे वाटले.

त्यानंतर काही वर्षांनी माझे मेव्हणे, म्हणजे मामांचे चिरंजीव, एका दुपारी दारात उभे राहिले. हातात सुटकेस, मागे मामा. “दोन आठवडे ठेवून घ्या,” मेव्हणे म्हणाले, “घराला रंग काढतोय. त्या वासाने त्यांना त्रास होतो.” मी ठेवून घेतले. माणूस दारात उभा असताना नाही कसे म्हणणार? दोन आठवडे झाले, महिना झाला. मेव्हण्यांचा फोन लागत नसे, आणि लागला तर लगेच ऐकू येईनासा होत असे. शेवटी त्यांच्या शेजाऱ्यांकडून कळले की घराला रंग खरोखरच दिला होता. रंग देऊन घर विकले होते. घर मामांच्या नावावर होते, पण दिसत नसलेल्या माणसाकडून सही घेणे सोपे असते.

ही बातमी मी मामांना जेवताना सांगितली. त्यांनी घास गिळला, पाणी प्यायले आणि विचारले, “कुठला रंग दिला होता?” मी सांगितले की ते मला ठाऊक नाही. “पिवळा असेल,” ते म्हणाले. “त्याला पिवळा आवडतो.” आणि उठून आपले ताट स्वतः धुतले. ते रोजच धूत. पाहुणा म्हणून आलेला माणूस आहे हे मला रोज ऐकू जावे, अशा आवाजात धूत.

वर्षभर आम्ही एका छपराखाली असे राहिलो. भांडण नाही, बोलणे नाही. घड्याळाच्या दोन काट्यांसारखे एकमेकांवरून जात होतो.

एका रविवारी मी गाळ्यातून लवकर आलो तर मामा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेले. टेबलाच्या कडेला त्यांचा जुना छोटा शेगडा, म्हणजे वस्तू घट्ट धरून ठेवणारा लोखंडी पकडा, आवळून लावलेला, त्याच्या जबड्यात एक गळ, शेजारी दोऱ्याचे रीळ, कोंबड्याची पिसे. तो शेगडा सुटकेसच्या तळाशी होता हे मला तोवर माहीत नव्हते. आणि त्यांच्या अंगठ्यात दुसरा एक गळ टोकाजवळच्या उलट्या काट्याच्या पुढपर्यंत रुतलेला. रक्त टेबलावर ठिबकत होते आणि ते दुसऱ्या हाताने दोरा गुंडाळतच होते. मी विचारले, हे काय चालले आहे. ते म्हणाले, “माशी बांधतोय. तुम्ही चहा घ्या.”

ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो : ही माशी खरी नव्हे. गळाच्या दांडीवर पीस, केस आणि दोरा गुंडाळून केलेले ते खोटे भक्ष्य असते. लांब, लवचीक काठी आणि जड दोरी यांच्या जोरावर ते पाण्यात दूर फेकतात. मामा तरुणपणी सुट्टीच्या दिवशी हेच करत. माझी पत्नी सांगत असे की बाबांच्या नाकावर माशी बसलेली चालत नाही, पण हातात चोवीस तास असते.

मी त्यांचा अंगठा धरला. कवळ्या करणाऱ्याला चिमटे आणि वेडेवाकडे कोपरे यांची सवय असते. गळ पुढे ढकलून त्याचा काटा कापला आणि उलटा काढला.  मग मामा म्हणाले, “दोरा कुठपर्यंत आलाय तेवढं सांगा.” मी सांगितले. “पीस सरळ आहे?” नव्हते. मी सरळ केले. संध्याकाळपर्यंत एक माशी झाली. दोरा त्यांचा, डोळे माझे. तेव्हापासून आमचा धंदा भागीदारीत आहे.

कलम ५. आता लेप माशाविषयी, कारण त्याच्यावाचून कलम तीनचा अर्थ लागणार नाही.

लेप हा चपटा मासा. दोन्ही डोळे एकाच बाजूला. वाळूत अंग पसरून पडतो, वर थोडी वाळू ओढून घेतो आणि भक्ष्य तोंडापाशी येण्याची वाट पाहतो. लोक तो तळाला सोडलेल्या आमिषावर धरतात. माशी टाकून लेप धरायचा म्हणजे वेडेपणा, असे सगळे मानतात. मीही मामांना तेच म्हणालो. त्यावर त्यांनी जे सांगितले ते मी जसेच्या तसे लिहितो.

“बाकीचे मासे माशी वरून घेतात. ते बघावं लागतं, जावईबापू. लेपाची माशी तळावरून ओढायची असते. तिथं डोळसालाही काही दिसत नाही. जे कळतं ते दोरीतून बोटांना कळतं. या गावात माझ्या लायकीचा एवढा एकच मासा उरलाय.”

आमच्या घरापासून उतार उतरले की खाडीच्या तोंडाशी सपाट वाळू आहे. ओहोटीला उघडी पडते, भरतीला गुडघाभर पाणी चढते, आणि वाळू जिथे खोल पाण्यात उतरते त्या काठावर लेप पडून असतात. खड्डा नाही, दगड नाही. अंध माणसाला उभे राहता येईल अशी हीच एक जागा.

पहिला हंगाम वाया गेला. माशी तळाला गेली की गळाचे टोक वाळूत किंवा शेवाळात रुतायचे. आम्ही मासे कमी आणि शेवाळ जास्त आणले. प्रत्येक वेळी कुठेतरी माशी शिंकायची. मग मामांना सुचले की वजन गळाच्या पाठीवर बांधले, तर माशी पाण्यात उलटी होईल आणि टोक वर राहील. वजनासाठी मी न्हाणीघरातल्या बेसिनच्या बुचाची मण्यांची साखळी तोडली. दोन मणी बांधले की डोळेही होतात आणि भारही होतो. माझी मुलगी अजून विचारते, बुचाची साखळी कुठे गेली. मुली, ती खाडीत गेली.

टोक वर राहू लागले, तरी मण्यांचा दोरा वाळूवर घासून सुटे. तेव्हा मी गाळ्यातून कवळीचे गुलाबी ॲक्रिलिक आणले, ज्याच्या हिरड्या करतो ते. मण्यांभोवती त्याचा थेंब बसवला, वाळवला, यंत्रावर घासून गुळगुळीत केला. पांढऱ्या शेळीच्या केसांची आखूड शेपूट आणि गुलाबी डोके. शेपूट आखूडच हवी. लेप आधी मागून चावतो, लांब केस तोंडात धरून बसतो आणि सोडून देतो. मामांनी ते डोके अंगठ्याने चाचपले आणि पहिल्यांदा माझ्यासमोर हसले. “ही तर हिरडी,” म्हणाले. तेच नाव पडले.

हिरडीला लागलेला पहिला लेप मला लागला, मामांना नाही. मामा शेजारी उभे होते, हात माझ्या दोरीवर. दोरीला काहीतरी जड आले. मी घाईने काठी उचलणार, तर त्यांनी मनगट दाबून धरले. “थांबा. अजून चावतोय. गिळलेलं नाही.” आम्ही थांबलो. पाणी पोटरीवरून वर चढत होते. दोरी एकदा सैल झाली, पुन्हा ताणली, आणि मग मासा खोल पाण्याकडे निघाला. मी दोरी गच्च आवळून धरली. तेव्हा मामा ओरडले, “दोरी सोड, गाढवा, तुटेल!”

मासा आला. ताटाएवढा होता. पण त्या दिवशी मी मासा पाहत नव्हतो. एवढ्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा ‘तू’ म्हटले होते. त्यांच्याही ते लक्षात आले असावे, कारण घरी येईपर्यंत ते बोलले नाहीत. जेवताना म्हणाले, “मीठ दे रे.” त्यानंतर ‘जावईबापू’ हा शब्द आमच्या घरात पुन्हा आलेला नाही.

पुढे मी त्यांची कवळीही केली. आधी ते माझ्याकडून करून घ्यायला तयार नव्हते, दुसरीकडची सैल कवळी खिशात घालून फिरत. मी केलेल्या कवळीचा साचा गाळ्यातल्या वरच्या फळीवर, त्यांच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवला आहे. गाळ्यातली सर्व यंत्रे मी माझ्याबरोबर काम करणाऱ्या बाईंना देतो. त्या माझ्याहून चांगले दात जुळवतात, हे त्यांना मी तोंडावर कधी सांगितले नाही, ते येथे सांगतो. त्यांनी तो साचा टाकू नये. मामांची कवळी तुटली, तर नवी करून द्यावी. त्यांना डाव्या बाजूने चावायची सवय आहे, तिकडे किंचित उंच ठेवावी.

कलम ६. माझे मेव्हणे. यांना माझ्या मिळकतीतून त्यांनी दोन आठवड्यांसाठी आणलेली सुटकेस परत द्यावी. रिकामी द्यावी. गेल्या महिन्यात माझ्या आजाराची बातमी कळताच त्यांचा फोन चांगला लागू लागला. ते म्हणाले की बाबांची जबाबदारी मुलाचीच असते, ती घ्यायला ते तयार आहेत, फक्त बाबांच्या नावे या घरात काही वाटा ठेवला तर त्यांना सोयीचे जाईल. मी विचारले, कोणाच्या सोयीचे? तेव्हा पुन्हा आवाज जाऊ लागला. म्हणून स्पष्ट लिहितो. मामांचा हक्क राहण्याचा आहे, विकण्याचा नाही. तो त्यांच्याबरोबर संपतो. तो कोणाच्याही नावे होत नाही, आणि त्यासाठी त्यांची कुठेही सही लागत नाही. कोणी कागद घेऊन सही मागायला आल्यास माझ्या मुलीला बोलवावे. ती लोकांना मोटार चालवायला शिकवते. नको त्या माणसाला मध्येच ब्रेक कसा लावायचा हे तिला चांगले कळते.

कलम ७. गळ टाकणाऱ्यांच्या मंडळाचे चिटणीस. यांनी वार्षिक स्पर्धेत आमचा लेप नोंदवून घेतला नाही. “माशीच्या गटात लेप बसत नाही,” म्हणाले. मग म्हणाले की आम्ही गुपचूप आमिष लावले असणार. मामांनी खिशातून ओली हिरडी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती हातात घेतलीसुद्धा नाही. त्यांना माझ्याकडून एक हिरडी द्यावी. ती मी पारदर्शक ॲक्रिलिकच्या ठोकळ्यात आधीच बंद करून ठेवली आहे. पाहता येईल, वापरता येणार नाही.

इतर कोणीही हिरडी कशी बांधतात हे विचारले, तर मामांनी किंवा या कागदाने सांगावे. ती कोणाच्या मालकीची नाही. दुकानात विकायला हरकत नाही, पण नाव हिरडीच ठेवावे.

कलम ८. माझ्या दोन्ही काठ्या, दोरी गुंडाळायची चाके आणि उंच रबरी बूट मी वाळूवरच्या होडीवाल्यांना देतो. त्याबदल्यात नव्हे, पण त्याबरोबर, एक काम सोपवतो. मी त्यांना आधी विचारले आहे. भरती दुपारच्या उजेडात असेल त्या दिवशी मामांना घरून न्यावे, काठावर उभे करावे, आणि शेजारी राहावे. हात धरू नये. त्यांना हात धरलेला आवडत नाही. फक्त पाणी मांडीपर्यंत आले की खोकावे, मामा मागे येतात. होडीवाले म्हणाले, “एवढंच ना? मी तसाही खोकतच असतो.”

माशा बांधताना डोळे कोणाचे, हा प्रश्न मात्र माझ्याच्याने सुटला नाही. मुलीने स्वच्छ सांगितले, “बाबा, आजोबांचं जेवण, औषधं, सगळं बघीन. पण त्या केसांना आणि पिसांना हात लावणार नाही, मला शिंका येतात.” तिच्या स्पष्टपणाबद्दल मला राग नाही. मी तिलाच या मृत्युपत्राची व्यवस्था पाहणारी नेमतो. बँकेतल्या ठेवीचे व्याज मामांच्या खर्चाला तिच्या हाताने जावे. मामांनंतर मूळ ठेव दोघा भावंडांत वाटावी.

कलम ९. माझा मुलगा. तो दुसऱ्या शहरात विमा कंपनीत आहे आणि त्याचे काम धोका मोजण्याचे आहे. तो वाईट नाही. हे मी येथे मुद्दाम लिहितो, कारण कलम दोन वाचून लोक तसे समजतील. शस्त्रक्रियेचे कळल्यावर तो रजा काढून आला, माझे सगळे रिपोर्ट वाचले, आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर एका वृद्धाश्रमाची माहिती ठेवली. स्वच्छ खोल्या, चोवीस तास परिचारिका, सगळीकडे धरायला कठडे. म्हणाला, “बाबा, एक्क्याण्णव वर्षांचा आंधळा माणूस भरतीच्या पाण्यात उभा राहतो, हे कुठल्याच पॉलिसीत बसत नाही. तुम्ही असताना ठीक होतं. तुम्हाला काही झालं तर?”

मी म्हणालो, “आजोबांना विचारलंस?”

 तो म्हणाला की विचारले तर ते हट्टच करतील. मी म्हणालो की मग तो हट्ट त्यांचा आहे, आपला नाही. माणूस पडू नये म्हणून त्याला उभेच राहू द्यायचे नाही, हा कुठला न्याय? आवाज थोडा चढला. मुलीने येऊन मला गोळी दिली. मुलाने ती माहितीची पत्रके घडी करून बॅगेत ठेवली. फाडली नाहीत, तेही मी पाहिले. त्याला माझे सांगणे एवढेच : बाळा, भीती वाटली तर वाळूवर ये आणि तिथे उभा राहून घाबर. घरी बसून घाबरू नकोस.

कलम १०. माझ्या पत्नीची शाल माझ्याबरोबर जाळावी किंवा पुरावी, जे काही कराल त्यात. भाषणे नकोत.

हे मृत्युपत्र येथे संपायचे होते. खालचा मजकूर टाइप केलेला नाही, माझ्या हातचा आहे.

आज सकाळी सह्यांसाठी सगळे जमले. वकीलबाईंनी मामांनाही बसवून घेतले आणि सगळा कागद मोठ्याने वाचला. मामा मान खाली घालून ऐकत होते. कलम तीन झाल्यावर त्यांनी हात वर केला आणि वाचन थांबवले.

“मला विचारलंस?” त्यांनी मला विचारले.

 मुलगा माझ्याकडे पाहत होता. मी नव्हते विचारले. होडीवाल्यांना विचारले, कवळीवाल्या बाईंना विचारले, मुलीला विचारले. यांना विचारायचे राहिले. मला वाटले, ते ‘मला आश्रमात ठेवा, कोणाला ओझं नको’ असे म्हणणार. माझी छाती, जी गुरुवारी उघडायची आहे, ती आजच दुखायला लागली. मी म्हणालो, “मामा, चुकलं. आता विचारतो. राहाल का इथे?”

“मागच्या खोलीत नाही,” मामा म्हणाले.

वकीलबाईंनी पेन उचलले.

“मागं नुसते कपडे फडफडतात. पुढच्या खोलीत खिडकीतून भरती चढल्याचं ऐकू येतं. मला पुढची दे. आणि तू गेल्यावर नको, आत्ता दे. तुझ्या जाण्याची वाट बघत बसायला मला वेळ नाही.”

पुढची खोली माझी आहे. लग्न झाले तेव्हापासूनची. मी मुलाकडे पाहिले. तो उठला, माझ्या पलंगाचे एक टोक धरले आणि बहिणीला म्हणाला, “तू ते टोक धर. हळू, भिंतीला लागेल.” अर्ध्या तासात पलंग मागच्या खोलीत गेला आणि मामांची खाट खिडकीखाली आली. मुलाने शेगडा उचलून खिडकीजवळच्या टेबलाला लावला आणि मामांना विचारले की स्क्रू कुठपर्यंत आवळायचा. “आणखी,” मामा म्हणाले. “आणखी. बस.” मग त्याच्याच हातात गळ देऊन म्हणाले, “आता हा लाव, आणि टोक कुठं आहे ते मला सांग.” तो वाकून पाहू लागला.

म्हणून कलम तीनमध्ये ‘मागच्या’ हा शब्द मी माझ्या हाताने खोडला असून त्या जागी ‘पुढच्या’ असा वाचावा. ही खोडाखोड माझ्या मर्जीने, सर्वांच्या समक्ष आणि मामांच्या मागणीवरून झाली आहे. वकीलबाई म्हणाल्या, स्वच्छ प्रत काढू. मी नको म्हणालो. ती खोडल्याची रेघ दिसायला हवी.

गुरुवारी मी परत आलो, तर मागच्या खोलीत झोपेन.

लिहून ठेवणार : सही (कवळीवाले)

वरील मजकूर त्यांना मान्य असल्याचे आम्ही ऐकले, कलम तीनमधील खोडलेला शब्द पाहिला, आणि त्यांनी आमच्यासमोर व आम्ही त्यांच्यासमोर सही केली :

साक्षीदार १ : गल्लीतले डॉक्टर. सही. (तपासले. मन ठिकाणावर. नाडी जलद, कारण पलंग हलवताना त्यांनी सूचना देणे थांबवले नाही.)

साक्षीदार २ : शेजारचे घड्याळ दुरुस्त करणारे. सही.

मामांनीही साक्षीदार म्हणून सही करायचा हट्ट धरला. ज्याला हक्क मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाईंनी त्यांना समजावले. त्यांना ते पटलेले नाही, एवढी नोंद त्यांच्या आग्रहाने येथे केली आहे.

ठिकाण : राहते घर, मामांची खोली
दिनांक : १७ ऑक्टोबर २०२२, सोमवार, भरती चढताना